लग्नाचा बेत कोणी ठरवायचा?

जेवणात कोणकोणते पदार्थ करावयाचे याला मराठीत 'बेत' म्हणतात आणि मनाशी पक्क्या केलेल्या गोष्टीलाही 'बेत'च म्हणतात. "आज काय बेत?" असे शेजारीण विचारते तेव्हा तिला स्वयंपाकाचे विचारायचे असते, परंतु त्या प्रश्नात हेही गृहीत असते की, या घरात कोणीतरी विचार केला आहे, बाजारात काय आले आहे ते पाहिले आहे, कोण जेवायला येणार आहे हे ध्यानात घेतले आहे आणि मग काही ठरवले आहे. 'मेनू' या शब्दात हे काहीच नाही. मेनू ही यादी असते. ती छापून मिळते आणि तिच्यावर खुणा करावयाच्या असतात. आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगतो. इंदूरच्या मराठी घरांतील विवाहांच्या स्वागतसमारंभांत गेली वीस-पंचवीस वर्षे यादी असते, बेत नसतो. आपल्या कन्येच्या अथवा पुत्राच्या विवाहात पाहुण्यांनी काय जेवावे हे ठरविण्याचा अधिकार आपण केटररच्या स्वाधीन केला आहे, तो परत घेतला पाहिजे, आणि ज्यांना जेवण स्मरणात राहावे असे खरोखर वाटते त्यांना तर तो परत घेण्यावाचून गत्यंतर नाही.

हा विषय साहित्यविषयक पत्रिकेत कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. ज्या शब्दांची काळजी आपण व्याख्यानमालांतून वाहतो त्यांपैकी शेकडो शब्द ताटात राहतात, ग्रंथालयात नव्हे.

प्रथम सध्याची रीत पाहू. मॅरेज गार्डनच्या प्रवेशद्वाराशी रंगीत सरबते. मग तव्यावरचे, शेगडीवरचे, काडीला टोचलेले असे 'स्टार्टर'. पलीकडे चाटचा स्टॉल, त्याच्या शेजारी चिनी नूडल्सचा, त्यापुढे इटालियन पास्त्याचा, दक्षिणेकडील डोशाचा, राजस्थानी चुरम्याचा. मुख्य जेवणात पनीरचे तीन अवतार, एक तांबडा, एक पांढरा आणि एक हिरवा. तिघांचीही चव एकच. दोन डाळी, तीन भात, पाच प्रकारच्या रोट्या. गोडाच्या बाजूला गुलाबजाम, मूगडाळीचा हलवा, रबडी, आइस्क्रीम आणि शेवटी पान. पदार्थ चाळिसांच्या खाली असले तर यजमानालाच ओशाळल्यासारखे होते. वर वधूवर व्यासपीठावर उभे. पाहुण्यांची रांग आहेर देऊन छायाचित्र काढून घेत पुढे सरकते. रात्री अकराच्या पुढे त्या दोघांच्या पुढ्यात कोणीतरी गार झालेली थाळी आणून ठेवते. ज्यांच्यासाठी हे सारे, ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत वाईट जेवतात.

या मांडणीचा साधा हिशेब करून पाहावा. बरा भुकेला मनुष्य एका बैठकीत सहाशे-सातशे ग्रॅम अन्न सुखाने खातो. चाळीस पदार्थांपैकी प्रत्येकाचे दोन लहान चमचे, म्हणजे तीस-तीस ग्रॅम म्हटले, तरी सव्वा किलो होते. म्हणजे ही यादी पोटासाठी केलेलीच नाही. ती डोळ्यांसाठी आहे. शिवाय कोणता पदार्थ किती उठेल याचा अंदाज चाळीस पदार्थांत कोणालाच येत नाही. दहा पदार्थ असले की आचारी प्रत्येकाचे माप बांधू शकतो. चाळिसांत तो प्रत्येक पदार्थ थोडा जास्त करतो, आणि चाळीस थोड्यांचा एक डोंगर होतो. आपल्या शहराने २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिला क्रमांक मिळविला आहे. देवगुराडियाला रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, आणि त्या गॅसवर शहरातील बसगाड्या चालतात. हे निश्चित भूषणावह आहे. परंतु आपल्या कन्येच्या लग्नातील पनीर दुसऱ्या दिवशी बसच्या टाकीत जावे, एवढ्यासाठी काही आपण भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढलेली नसते.

चाळीस पदार्थांपैकी किती लक्षात राहतात? हा प्रश्न आम्ही अलीकडे लग्नाहून परतणाऱ्या आप्तेष्टांना विचारू लागलो आहोत. आठवड्याभराने विचारले तर उत्तर बहुधा "जेवण छान होते, खूप प्रकार होते" असे येते. 'खूप प्रकार' ही काही चव नव्हे. त्याच मंडळींना त्यांच्या स्वतःच्या लग्नातले, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे जेवण विचारा. मठ्ठ्याला आले अधिक झाले होते, जिलेबीची दुसरी फेरी आली तेव्हा कोणत्या काकांनी पैज लावली, मसालेभातावर तूप कोण वाढत होते, हे सारे निघते. स्मरणात राहते ते थोडे आणि ठरवून केलेले.

परंतु आमचा खरा आक्षेप संख्येवर नाही. तो त्या स्टॉलवर आहे ज्याच्यावर हल्ली 'महाराष्ट्रीयन कॉर्नर' अशी पाटी लागते. मराठी घरातील लग्नात, मराठी पाहुण्यांपुढे, एका कोपऱ्यात, डोक्याला भाड्याचा फेटा बांधलेला मुलगा वडापाव आणि पावभाजी देत उभा असतो. आम्ही हा स्टॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हांला हसू आले. दहाव्यांदा पाहिला तेव्हा आले नाही. वडापाव हा १९६०च्या दशकात दादर स्थानकाबाहेर रूढ झालेला पदार्थ. पावभाजी मुंबईच्या गिरणीवस्तीतली. दोन्ही चविष्ट आहेत आणि दोहोंशी आमचे वैर नाही. पण मल्हारराव होळकर माळव्यात आले ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाली. त्या काळात दख्खनेतून आलेल्या घराण्यांच्या सातव्या-आठव्या पिढीतील मुलीच्या लग्नात आपली ओळख म्हणून दादरचा वडापाव मांडावयाचा, हा काय प्रकार आहे? आपण कोण हे आपणांस चित्रपटांनी आणि केटररच्या यादीने सांगितले, आणि आपण मान डोलावली. यजमान स्वतःच्या घरच्या समारंभात एका कोपऱ्याचे धनी झाले, आणि तो कोपराही दुसऱ्याचा.

मग आपले असे काय? याचे उत्तर रोज सकाळी इंदूरच्या प्रत्येक नाक्यावर वाफाळत असते. पोहे येथे कोणाबरोबर आले असावेत हे कोणाला सांगावे लागू नये. उसळ-पोहे मागणारा हिंदीभाषक 'उसळ' हा मराठी शब्दच उच्चारतो. सराफ्यात रात्री गर्दी ओढणारा 'भुट्टे का कीस' घ्या. भुट्टा येथला, दूध येथले, आणि 'कीस' मराठी घरातल्या किसणीचा. कोणा आजीने, नाव कुठे नोंदलेले नाही, माळव्यातला कोवळा भुट्टा किसून, तुपात हिंग-मोहरी-मिरचीच्या फोडणीवर टाकून, दुधात शिजवला असणार, आणि शब्दासकट तो पदार्थ साऱ्या शहराचा झाला. बडोद्यात सेव-उसळ अशीच गुजराती जिभेवर बसली आहे. अडीच-तीन शतके दुसऱ्यांच्या प्रांतात राहून आपल्या समाजाने त्या त्या गावाला जे दिले, त्यात दरबार गेले, मोडी दप्तरे अभिलेखागारात गेली, आणि कीस व उसळ मात्र रस्त्यावर जिवंत आहेत. तंजावरच्या मराठी राजघराण्याच्या मुदपाकखान्याची आठवण 'शरभेंद्र पाकशास्त्र' या ग्रंथात तरी उरली. आमच्या माळव्यातील घरांची कोणत्याही ग्रंथात नाही. ती फक्त हातात आहे, आणि हात वापरले नाहीत तर जाते.

येथे एक भेसळ सांगितलीच पाहिजे. केटररला हल्ली 'इंदोरी' पदार्थ मागितले की तो वैशाखातल्या लग्नातही भुट्ट्याचा कीस मांडतो. वैशाखात भुट्टा कुठला? भुट्टा हा पावसाळ्याचा. श्रावण-भाद्रपदात त्याचा भर, आणि तुळशीचे लग्न होऊन मुहूर्त सुरू होईपर्यंत तो सरलेला असतो. मग उरतात शीतपेटीतले पिवळे, गोड, परदेशी वाणाचे दाणे. त्यांना यंत्रातून काढले की एक गोड लापशी तयार होते आणि तिच्यावर कोथिंबीर-खोबरे पसरले की तिला कीस म्हणतात. ज्या मुलांनी पहिल्यांदा तीच खाल्ली त्यांनी कीस नापसंत केला तर दोष त्यांचा नाही. उलट थंडीच्या लग्नात गराडू असतो. तळून, वर मसाला टाकून, लिंबू पिळून दिलेला गरम गराडू खाण्यासाठी माणसे थंडीची वाट पाहतात, आणि नेमका तोच यादीत नसतो, कारण मुद्रित यादी बारा महिने एकच असते. बेताची पहिली अट ऋतू ही आहे, आणि ती यादीला पाळताच येत नाही.

दुसरी अट घर. येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. आम्ही ब्राह्मणी पंक्तीचा बेत सर्व मराठी माणसांचा म्हणून पुढे करीत नाही. माळव्यातील, ग्वाल्हेरीतील आणि बडोद्यातील मराठा सरदार-शिलेदार घराण्यांत सामिष स्वयंपाकाची स्वतंत्र आणि मोठी परंपरा आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरचे वालाचे बिरडे व निनाव इतरांना साधत नाही. बेळगावकडे लग्नाला मांडे हवेत, आणि पालथ्या खापरावर मांडा पसरणारी बाई पाहिली की तिच्यापुढे कोणताही 'लाइव्ह काउंटर' फिका वाटतो. गोव्यात खतखते आणि मणगणे असले की जेवणाला वेगळी प्रस्तावना लागत नाही. प्रत्येकाने आपल्या घराकडे पाहावे. एका घराचा बेत दुसऱ्यासारखा नसावा, हेच तर आमचे मागणे आहे. आज हंगामातील दहा लग्ने दहा आडनावांची असतात, आणि जेवण एकच असते.

आता आक्षेपांकडे वळू. या विषयावर आम्ही बरेच वाद घातले आहेत, त्यामुळे ते आम्हांस पाठ झाले आहेत.

पहिला आक्षेप : "पाहुण्यांना निवड हवी." ही निवड कसली? चाळीस भांड्यांपुढे हातात जड काचेची ताटली घेऊन, पाठीमागच्याचा धक्का चुकवीत, आठ सेकंदांत घेतलेला निर्णय हा निवडीचा नव्हे, घाईचा असतो. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या माणसाला तर निवडही नाही. नातू जे आणून देईल ते. पाहुण्याच्या वतीने विचार करण्याचे कष्ट यजमानाने टाळले आणि त्याला 'निवड' असे गोंडस नाव दिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : "व्याही मराठी नाहीत." आमच्या पिढीत हे क्वचित घडे. आज इंदुरात मराठी मुलगी माळवी, सिंधी, अग्रवाल वा जैन घरात जाते, तिकडची मुलगी आपल्याकडे येते, आणि ते चांगलेच आहे. मात्र या निमित्ताने आपण करतो काय? त्यांना आपले आवडणार नाही असे परस्पर ठरवून, ना त्यांचे ना आपले असे पनीर मध्यभागी आणून ठेवतो. ज्या घरात मुलगी द्यावयाची त्या घराला आपल्या घरची आमटी एकदाही चाखवावयाची नाही आणि मग तिने तेथे आपली चव टिकवावी अशी अपेक्षा धरावयाची, हे न्यायाचे नाही. शिवाय आपला परंपरागत मंगलकार्याचा शाकाहारी स्वयंपाक कांदा-लसणावाचून होतो. जैन व वैष्णव पाहुण्यांच्या या शहरात यापेक्षा सोयीचे ते काय? बटाटा व गराडू त्यांना चालत नाही, तर कच्च्या केळ्याची भाजी करावी. ती आपलीच आहे. व्याह्यांच्या घरचाही एक पदार्थ त्यांना विचारून, त्यांच्या पद्धतीने, त्यांचा आचारी बोलावून करावा. माळवी व्याही असतील तर बाफले मात्र निराळ्या दिवशी ठेवावेत. तुपात बुडविलेले बाफले खाल्ल्यावर मनुष्य आहेर देण्याच्याही स्थितीत राहत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तिसरा आक्षेप पंगतीवरचा. बेत म्हटला की तो वाढला पाहिजे, आणि वाढणे म्हटले की पंगत आली. "पंगत म्हणजे जातिभेद" असे आमचे काही तरुण मित्र म्हणतात, आणि ते खरे बोलतात. जुन्या पंगतींत कोणी कोठे बसावे हे जन्मावरून ठरे. काहींची पाने अंगणात मांडली जात, काहींची मांडलीच जात नसत. बायका पुरुषांच्या मागून आणि उरलेले जेवत. विधवांना तर मंगलकार्याच्या पंक्तीत स्थानच नसे. उभ्याच्या जेवणाने हे मोडले. शेजारी कोण उभा आहे हे तेथे कोणी विचारीत नाही. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे, आणि जुन्या पंगतीसाठी अश्रू ढाळणाऱ्यांत आमची गणना करू नये. परंतु टेबल-खुर्चीवर, कोणीही कोणाशेजारी, स्त्री-पुरुष एकत्र बसून, वाढलेले अन्न खाता येत नाही असे थोडेच आहे? भेद काढून टाकावा. आग्रह कशाला काढावयाचा? उभ्याच्या जेवणात आग्रह करणारे कोणी नसते, ही त्याची सर्वांत मोठी गरिबी आहे. नवरा-नवरीने घास भरविताना उखाणा घ्यावयाचा तोही पंगतीतच. व्यासपीठावर ध्वनिक्षेपक हाती घेऊन म्हटलेला उखाणा आम्ही ऐकला आहे, तो कार्यक्रमातल्या निवेदनासारखा वाटतो.

वेळेचे म्हणाल तर गणित अवघड नाही. पाचशे पाहुणे धरा. एकशेपंचवीस खुर्च्यांची पंगत चाळीस मिनिटांत उठते, पाच-सात मिनिटे आवराआवरीला. साडेसातला पहिली बसली तर साडेदहाला चौथी उठते. बारा-पंधरा वाढपी पुरतात. ते मिळत नाहीत हे अर्धसत्य आहे. केटररकडे बो लावलेली तीस मुले काउंटरमागे उभी असतातच. त्यांना मिठाच्या डावीकडे चटणी-कोशिंबीर-लिंबू आणि उजवीकडे भाजी-आमटी, एवढे शिकविण्यास अर्धा तास लागतो. पाचशेहून अधिक पाहुणे असतील तर प्रश्न जेवणाचा नसून निमंत्रणयादीचा आहे, आणि तो ज्याचा त्याने सोडवावा.

या सर्वांवर कायदा हवा, असेही सुचविले जाते. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाचा कायद्याच्या या उपयोगावर फारसा विश्वास नसतो. १९६० आणि १९७०च्या दशकांत, धान्यटंचाईच्या काळात, अनेक राज्यांत अतिथी नियंत्रण आदेश होते. किती पाहुण्यांना धान्याचे अन्न घालावे यावर मर्यादा असे. त्या काळी कित्येक स्वागतसमारंभ पेढा, वेफर आणि आइस्क्रीमवर उरकले जात, आणि आदेश सैल होताच सारे पूर्ववत झाले. २०१७ साली जम्मू-काश्मीर शासनानेही विवाहातील पाहुण्यांची आणि पदार्थांची संख्या आदेशाने मर्यादित करू पाहिली होती. शाकाहारी सात, सामिष सात. सात ही संख्या आम्हांस पसंत आहे. ती दंडाधिकाऱ्याने मोजावी हे पसंत नाही.

ती कोणी न मोजताही पाळली जाऊ शकते, हे आपण पाहिले आहे. २०२०च्या उन्हाळ्यात विवाहास पन्नास माणसांची मर्यादा केंद्र शासनाने घातली. तो काळ दुःखाचा होता, त्याचे गुणगान आम्हांस करावयाचे नाही. परंतु त्या दिवसांत घराच्या गच्चीवर अथवा अंगणात जी लग्ने लागली, त्यांत केटरर नव्हता म्हणून आत्या, मावशी आणि शेजारच्या काकू स्वयंपाकघरात उतरल्या. ज्या घरांत असे झाले त्यांना विचारा. मुलाच्या लग्नात काय काय होते हे ती माणसे एका दमात सांगतात, कारण सांगण्याजोगे होतेच आठ पदार्थ.

नुसती टीका करून थांबावे हा आमचा स्वभाव नाही, म्हणून दोन बेत सुचवितो. कोणी ते जसेच्या तसे उचलू नयेत, एवढीच विनंती. मार्गशीर्ष-माघातील संध्याकाळी : आल्यागेल्याला उभ्यानेच गरम गराडू आणि आल्याचा चहा. मग पानावर साधे वरण, भात, तूप, लिंबू, गाजराची कोशिंबीर, तीळ-शेंगदाण्याचे, चिंच-गुळाचे पंचामृत, भरली वांगी, ओल्या हरभऱ्याची उसळ, पुऱ्या, मटार घातलेला मसालेभात, आणि जिलेबी-मठ्ठा. वैशाख-ज्येष्ठात : आल्याबरोबर पन्हे, आंब्याची डाळ, काकडीची कोशिंबीर, सुकी भाजी, कटाची आमटी नको, ती उन्हाळ्यात जड होते, तिच्याऐवजी कढी, पोळी आणि आमरस, शेवटी दहीभात. मोजून पाहा, दोन्हीही डझनाच्या आतबाहेर आहेत. जिलेबी कढईतून काढल्यापासून पानात पडेपर्यंत पाच मिनिटांहून अधिक जाता कामा नयेत. साऱ्या बेतात जीव ओतावयाचा तो येथे. बाकीचे पदार्थ थोडे उणेअधिक झाले तरी गरम जिलेबीच्या आठवणीत माफ होतात.

यजमानाने बेत मराठीत लिहून द्यावा, आणि केटररबरोबर बसून एकेका शब्दाचा उलगडा करावा. हे आवश्यक आहे. नुकत्याच झालेल्या एका विवाहात 'पंचामृत' एवढेच लिहून दिले होते. ऐन वेळी पाहिले तर चांदीच्या वाटीत दूध-दही-मध-साखर-तूप आले. "पूजा में लगेगा न?" असे त्या सज्जनाने प्रामाणिकपणे विचारले. त्याचे काय चुकले? त्याने आजवर केलेल्या मराठी लग्नांत कोणी त्याच्याकडे ताटातले पंचामृत मागितलेच नव्हते. कोशिंबिरीचे 'सॅलड' झाले, आमटीची 'दाल' झाली, मठ्ठ्याची 'छाछ' झाली, आणि ज्याला हिंदीत प्रतिशब्दच मिळाला नाही ते पंचामृत आणि ती आंब्याची डाळ ताटातूनच गेली. तिकडे एखाद्या स्पर्धेत आपली नातवंडे मराठी शब्दसंपदेची बक्षिसे मिळवितात आणि त्यांना 'कट' म्हणजे काय हे ठाऊक नसते.

आता एक निकडीचे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून घरोघरच्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकविला, तो चार-सहा माणसांचा. शंभर पानांचा अंदाज हे निराळे शास्त्र आहे. मसालेभाताला शंभर माणसांमागे सहा-सात किलो तांदूळ, पण पहिल्या पंगतीत मुले अधिक असतील तर किती. दही विरजायला किती आधी लावावयाचे आणि थंडीत किती. पाचशे पानांच्या वरणाला मीठ कोणत्या वेळी, म्हणजे डाळ अडून बसत नाही. हे ज्यांच्या हातात आहे अशा स्त्रिया आपल्या समाजात आजही आहेत. रामबागेत, नारायणबागेत, जुन्या वाड्यांतून सदनिकांत गेलेल्या. त्यांतील बहुतेकींनी ऐंशी ओलांडली आहे. सभेने दोन तरुण सभासदांना वही आणि ध्वनिमुद्रक देऊन त्यांच्याकडे पाठवावे, आणि जे मिळेल ते याच पत्रिकेच्या पृष्ठांवर, प्रत्येक घराचे निराळे, माप आणि ऋतूसह छापावे. तुळशीविवाहापूर्वी पहिल्या चार-पाच घरांचे बेत हाती आले तर या हंगामातील यजमानांना ते केटररपुढे ठेवता येतील.